मावशीचं दार

"बाई, बेल पुन्हा वाजवू का?" रखवालदारानं विचारलं.

"वाजव," बाई म्हणाल्या. दार मावशीचं होतं आणि आतून हूं की चूं नव्हतं. काल संध्याकाळीही बाई इथं आल्या होत्या. बेल वाजवली, थांबल्या, आणि म्हातारी झोपली असेल, कशाला उठवा, म्हणून आपल्या मजल्यावर परत गेल्या. मग रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

शहरातली माणसं समजून घ्यायची तर वस्तीत जाऊन बसायला हवं, हे बाईंनी पहिल्यांदा म्हटलं तेव्हा विद्यापीठ फिदीफिदी हसलं होतं. प्राध्यापकीण नळावर गप्पा हाणते म्हणे! त्या नळावर बाईंना जागा दिली ती मावशीनं. बादली पालथी घालून म्हणाली, "बस गं पोरी. उभ्या उभ्या काय कळणार तुला?" पुढे बाईंची पुस्तकं झाली, हसणारेच हार घेऊन आले. बाईंनी सरकारला ठासून सांगितलं, या माणसांना सगळ्यात आधी बंद करता येणारं दार द्या. सरकारनं कधी नव्हे ते ऐकलं. वस्तीच्या जागी इमारती आल्या आणि ओढलं की आपोआप कुलूप लागणारं दार प्रत्येक घराला मिळालं. निवृत्त झाल्यावर बाईही हट्टानं इथंच राहायला आल्या.

जुन्या वस्तीत सकाळी कुणाचा पडदा सरकला नाही, तर चारजणी सरळ आत घुसायच्या. "मेलीस का गं?" असं खुशाल विचारायच्या.

समोरच्या शिंप्यानं दार किलकिलं केलं. "दोन दिवस दिसल्या नाहीत खऱ्या. पण असं कुणाच्या घरात डोकावणं बरं दिसत नाही ना, बाई."

बाईंना त्याचा संताप आला. मग आठवलं, बंद दाराचा मान राखायचा, हे आपणच शिकवलंय.

रखवालदारानं बोलावलेला कुलूपवाला आला. पिशवी ठेवता ठेवता त्याचा खांदा दाराला लागला, आणि दार उघडलं. कुलूप लागलंच नव्हतं. कुलपाची जीभ अडकू नये म्हणून चौकटीच्या खाचेत जुन्या चादरीची चिंधी नीट घडी करून कोंबलेली होती. आत मावशी जमिनीवर पडली होती, तोंड दाराकडे करून.

"पहाटेपर्यंत जिवंत होत्या," तपासून डॉक्टर म्हणाले.

बाईंनी बोटानं दार ढकललं; ते अलगद हललं. काल नुसता हात लावला असता तरी पुरे होतं.

संध्याकाळी बाईंनी स्वतःच्या दाराच्या खाचेत चिंधी कोंबली आणि खुर्ची दारासमोर ओढली. अंधार पडल्यावर जिन्यात पावलं वाजली. पावलं दारापाशी जरा रेंगाळली, मग सभ्यपणे वर निघून गेली.