माझ्यातली आई रडत नाही

मी कादंबरी बोलतेय. हो, जिच्यावर सिनेमा निघाला तीच. लोक मला बघून म्हणतात, "अरे, याचं पुस्तकही आहे वाटतं." पुस्तकही! आधी मी जन्मले, तो माझ्या पोटचा. पण तोरा बघावा त्याचा.

छापखान्यातून निघाले ती थेट एका शाळेच्या ग्रंथालयात आले. आता पाठीला चिकटपट्टी आहे, कुणीतरी माझ्या नायिकेला मिशा काढल्यात. तिला शोभतात, काय करणार.

नववीच्या भाषेच्या बाई दरवर्षी मला आणि सिनेमाला शेजारी ठेवून शिकवतात. यंदा मुख्याध्यापिका म्हणाल्या की गोष्ट एकच, मग पुस्तकाचे तास कशाला? पुढच्या वर्षीपासून नुसता सिनेमा दाखवा.

"मी वाचलीये ना ती," त्या म्हणाल्या. "मुलगा बोटीत चढतो आणि आई हंबरडा फोडते, ते वाचून मी किती रडले होते."

माझ्यात हंबरडा नाहीच! मी मनातल्या मनात उडाले. बाईंनी मात्र शांतपणे एवढंच म्हटलं की एकदा तासाला बसा, मग ठरवा.

मुख्याध्यापिका येऊन मागच्या बाकावर बसल्या. बाईंची पद्धत अशी, की बोट सुटण्याआधी सिनेमा थांबवायचा आणि माझं ते पान मोठ्याने वाचायचं. माझ्यातली आई धक्क्यावर जातच नाही. मुलाचा घरी राहिलेला सदरा घडी करते, उलगडते, पुन्हा घडी करते. मग बाईंनी सिनेमा पुढे चालवला, तिथे आई धक्क्यावर हंबरडा फोडते; आधी आवाज बंद ठेवून, नंतर व्हायोलिनसकट. हा बदल का केला असेल, असं त्यांनी विचारलं.

कधीच तोंड न उघडणारी एक मुलगी आहे, वर्ग तिला कुलूप म्हणतो. ती उठली.

"दादा नोकरीला लांब गेला, तेव्हा आमची आई रडली नाही," ती म्हणाली. "जेवताना त्याचं ताट घेतलं आणि परत ठेवून दिलं. मला वाटलं, हिला काहीच वाटत नाही. मी भांडले तिच्याशी."

मला माझ्या त्या पानाचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

खोटं कशाला बोलू, माझ्यातल्या वडिलांचं गप्प बसणं मला पानंच्या पानं लिहूनही जमलं नाही, ते सिनेमाने पाठमोऱ्या खांद्यांतून दाखवलं. पोरांनी तेही हेरलं. शाबास!

तास संपल्यावर मुख्याध्यापिका बाईंजवळ आल्या. "म्हणजे मी वाचलीच नव्हती की," असं म्हणून त्यांनी मला मागून घेतलं. पुस्तकाचे तास चालू राहणार, हेही सांगितलं.

सध्या मी त्यांच्या घरी आहे. सदऱ्याच्या पानावर त्या बराच वेळ थांबल्या आहेत. तुम्हीही सिनेमा जरूर बघा, माझंच लेकरू आहे ते. पण बघून झालं की जरा आईलाही भेटून जा.