पाचवा मजला, मधली खोली

डेसने चष्मा कपाळावर सरकवला आणि सागरी सहलीचं माहितीपत्रक खिडकीच्या उजेडात धरलं. आतली रंगीत पानं त्याने उलटलीही नाहीत. स्थळ बघायला आलेल्या खवट मामासारखं त्याने फक्त मुखपृष्ठावरच्या जहाजाचे नाकडोळे पाहिले.

"हे नाही," तो म्हणाला.

"याला काय झालं आता?" लिओनी सिंकपाशी उकडलेली बीटं सोलत होती. तिचे हात मनगटापर्यंत लाल झाले होते.

"बघ ना. चौदा मजले वर आणि पाण्यात इवलंसं. बाजूने वारा आला की खेकड्यासारखं तिरकं चालणार. आणि याला जहाज कोण म्हणेल? इमारत आहे ही, तरंगणारी."

"मग लहान घेऊ. शिडांचं."

"त्यात शंभर माणसं आणि एक डॉक्टर. तोही बहुधा दातांचा."

"आणि मधलं, ते जुनं?"

"त्याला मी चांगला ओळखतो. अठ्ठ्याण्णव साली आपल्या बंदरात आलं होतं. डावीकडे वळ म्हणून सांगावं, चहा करावा, प्यावा, कप विसळून ठेवावा, मग ते वळायचा विचार करणार."

लिओनीला हसू आलं, पण तिने ते दाबलं. गेले सहा आठवडे हेच चाललं होतं. डेस ट्रँटरने छत्तीस वर्षं ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलच्या बंदरात टगबोट चालवली. कोळसा न्यायला आलेली अवाढव्य जहाजं आत घ्यायची, ढकलून धक्क्याला लावायची, भरली की पुन्हा बंदराच्या तोंडापर्यंत पोचवायची, दोर सोडायचा आणि माघारी फिरायचं. गल्लीतली पोरंसोरंही त्याला कप्तान म्हणत. घर चाललं ते भरती-ओहोटीच्या तक्त्यावर. एका नाताळला ट्रँटरांचं दुपारचं जेवण सकाळी साडेनऊला झालं होतं आणि मुलांनी पुडिंग खाऊन मग दात घासले होते. यावर लिओनीने कधी तक्रार केली नाही. फक्त धक्क्यावरून जहाजं जाताना पाहिली की ती म्हणायची, "एखाद्यात आपणही बसू या रे." आणि तो म्हणायचा, "निवृत्त होऊ दे."

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. मे महिन्यात लिओनी सत्तरीची झाली. तिच्या मनात ते शिडांचं जहाज भरलं होतं. ते वानुआटूच्या अगदी बारक्या बेटांपाशी जायचं, मोठी जहाजं जिथे फिरकतही नाहीत. लाकडी डेकवर अनवाणी चालता येईल असं त्याच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं. ते वाक्य तिने किती वेळा वाचलं होतं, ते तिलाच ठाऊक.

"डेस," तिने हात पुसले. "तुला यायचंच नसेल तर तसं सांग. मी रागावणार नाही. ग्वेनला घेऊन जाईन."

ग्वेन तिची धाकटी बहीण. ती मेटलंडला एकटी राहायची.

डेसने माहितीपत्रकाची घडी घातली, मग त्या घडीची घडी घातली.

"ग्वेन घोरते," तो म्हणाला.

"तूही घोरतोस."

"मी निदान एका सुरात घोरतो." एवढं बोलून तो उठला आणि मागच्या शेडमध्ये गेला.

गुरुवारी सकाळी लिओनी एकटीच बसने हॅमिल्टनला गेली. व्हूला नावाच्या ग्रीक बाईचं तिथे प्रवासाचं छोटं दुकान होतं. लिओनीने ठरवून टाकलं होतं. स्वतःचं आणि ग्वेनचं नाव द्यायचं, शिडांचं जहाज सांगायचं आणि घरी जाऊन शांतपणे कळवायचं.

व्हूलाने तिला पाहताच दोन खुर्च्या पुढे ओढल्या.

"एकट्याच? बरं, बसा. आणि मला आधी सांगा, तुमच्याबरोबर ते मित्र पण येणार आहेत हे तुम्ही बोलला का नाहीत? मी दोघांचंच बघत बसले होते."

"कुठले मित्र?"

"अहो, ज्यांना बोट लागते ते. मिस्टर ट्रँटर मंगळवारी येऊन गेले ना. चांगला तासभर बसले होते." व्हूलाने खणातून एक कागद काढला. जहाजाच्या मजल्यांचा नकाशा होता. "मला म्हणाले, माझ्या एका मित्रासाठी विचारतोय. सगळ्यात कमी कुठलं हलतं? लहान की मोठं? वरची खोली बरी की खालची? औषध आदल्या दिवशी घ्यायचं की त्याच दिवशी? खूप काळजी आहे हो त्यांना त्या मित्राची. शेवटी शेवटी तर विचारलं त्यांनी, उलट्या झाल्या तर शेजारच्या खोलीत ऐकू जातं का."

लिओनीने कागद जवळ घेतला. पाचव्या मजल्यावर, बरोबर मध्यावर, पेन्सिलीने एक बारीक फुली मारलेली होती. फुली खोडून पुन्हा मारलेली दिसत होती.

एकोणनव्वद साली एका बंद पडलेल्या जहाजाला आणायला डेसची टग दोन दिवस बाहेर, खुल्या समुद्रात गेली होती. परत आला तो थेट न्हाणीघरात जाऊन फरशीवर झोपला. कोळंबी शिळी होती, असं त्याने सांगितलं होतं. थोरला मुलगा मासेमारीला चल म्हणून किती वर्षं मागे लागला होता! दर वेळी डेसची पाठ तरी दुखायची, नाहीतर गवत तरी कापायचं राहिलेलं असायचं. बंदराच्या आतलं पाणी आणि बाहेरचं पाणी. छत्तीस वर्षं तो नेमका त्या रेषेवरून माघारी फिरत आला होता आणि त्याचा चहा गरम ठेवणाऱ्या तिला ते कधी दिसलं नव्हतं.

"मित्राचं जरा अवघड दिसतंय," व्हूला म्हणाली. "अशा माणसाने खरं तर जाऊच नये."

"नाही, नाही. आहे धीराचा," लिओनी म्हणाली. मग तिने पर्स मांडीवर घेतली. "ती मोठी इमारत घेऊ या आपण. चौदा मजल्यांची. पाचवा मजला, मधली खोली. दोघांसाठी."

"आणि मित्र?"

"तो आमच्यातच झोपेल."

व्हूलाने तिच्याकडे पाहिलं, कागदावरच्या फुलीकडे पाहिलं आणि निमूटपणे संगणकाकडे वळली.

संध्याकाळी डेस अंगणात सॉसेज भाजत होता. लिओनी कांदा घेऊन बाहेर आली.

"ठरवून आले मी," ती म्हणाली. "मोठं. तुला आवडलं नाही ते."

चिमटा हातात धरून तो थांबला. "तुला तर शिडांचं हवं होतं."

"शंभर माणसांत काय दम? तीच तोंडं रोज बघायची. मोठ्यात पत्ते खेळायला माणसं मिळतील. नाचाचाही वर्ग आहे. खोली मात्र खालची घेतलीये, पाचव्या मजल्यावर, मध्ये. वर वारा फार असतो म्हणे. केसांचं वाटोळं होतं."

"कोण म्हणालं?"

"ग्वेन."

ग्वेन आयुष्यात कधी होडीतसुद्धा बसली नव्हती, हे त्यालाही माहीत होतं. त्याने एकेक सॉसेज सावकाश उलटवलं. जे भाजून झालं होतं तेही उलटवलं.

"इमारत तशी वाईट नाहीये," मग तो म्हणाला. "मी उगाच नावं ठेवली." त्या संध्याकाळी तो चार सॉसेज जेवला.

सप्टेंबरात सिडनीहून जहाज सुटलं. पहिला दिवस तळ्यासारखा गेला. डेस डेकवर कठडा धरून उभा राहिला, दर तासाला गुपचूप गोळी घेत राहिला, आणि लिओनी दर तासाला दुसरीकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी पहाटे दक्षिणेकडून लाटा आल्या. एवढं मोठं धूड, पण कूस बदलावी तसं संथ कलायला लागलं. लिओनीने उठायला मान उचलली आणि खोली तिच्याभोवती फिरली. कसंबसं न्हाणीघर गाठलं. परत आली तेव्हा तिचा चेहरा कोबीच्या पानासारखा झाला होता. डेस तिला धरून बसला, पाठ चोळली, कपाळावर ओलं फडकं ठेवलं. आठच्या सुमारास तिला डुलकी लागली, तेव्हा तो दबक्या पावलांनी बाहेर गेला.

तासाभराने दार उघडलं. त्याच्या हातात दोन हिरवी सफरचंदं आणि आल्याची बिस्किटं होती. त्याच्यापाठोपाठ कॉफीचा आणि तळलेल्या बेकनचा वास आत आला. गाल लालबुंद, केस वाऱ्याने उभे. डोळ्यांत अजून लाटा चमकत होत्या. इतका तरतरीत तो तिला कित्येक वर्षांत दिसला नव्हता.

"डेस," ती क्षीण आवाजात म्हणाली, "लाज वाटते रे मला. सत्तर वर्षांची घोडी, आणि हट्ट करून आले ती मीच. तुझी सगळी सहल वाया घालवली."

तो दारातच उभा राहिला. मग बिस्किटं टेबलावर ठेवली, पलंगाच्या कडेला बसून एकेक बूट काढला आणि बूट नीट जोडून ठेवले.

"एक सांगू का?" पाठमोराच तो म्हणाला. "कुणाला सांगितलं नाही कधी. मला बोट लागते. खूप लागते. पहिल्यापासून."

लिओनीने मान त्याच्याकडे वळवली.

"आत्तासुद्धा," तो म्हणाला. "सकाळपासून पोटात नुसतं ढवळतंय. पाण्याचा घोट घ्यायला धजत नाहीये. म्हटलं, वर एकट्याने मरण्यापेक्षा इथे येऊन पडावं."

"मग पड ना इथे," ती म्हणाली आणि भिंतीकडे सरकली.

तो तिच्या शेजारी आडवा झाला, डोळ्यांवर हात घेतला आणि एक कण्हण्यासारखा आवाज काढला. जहाज हळूच डावीकडे कललं, हळूच उजवीकडे कललं. त्याच्या कॉलरवर अंड्याचा ताजा पिवळा डाग होता. लिओनीने तो पाहिला, ओल्या फडक्याचा अर्धा भाग त्याच्या कपाळावर सरकवला आणि डोळे मिटून घेतले.