हलवायच्या आधी विचारा

मी एक जुना दगड आहे आणि मी इथून हलणार नाही. हे आधीच सांगून टाकतो मित्रांनो, बाकीचं मग.

खाणीत होतो तेव्हा मला कुणी विचारत नव्हतं. पाथरवटाने मला फोडून काढलं, एक बाजू घासून सपाट केली आणि छिन्नीने अक्षरं कोरली. दुखलं का? दुखलं की. पण अक्षरं उमटली आणि मी नुसता दगड राहिलो नाही. मग मला या वळणावर, रस्त्याच्या कडेला रोवलं.

माझ्यावर लिहिलंय, 'या वळणावर रंगारणींनी मालकाच्या गाड्या अडवल्या.' त्याखाली अजून एक ओळ आहे. ती पुढे येईलच.

झालं असं, की इथे कापड रंगवायचा कारखाना होता. मालकाने एक दिवस रंगाचे मोठाले हंडे गाड्यांत भरले आणि कारखाना दुसरीकडे न्यायला निघाला. हंडे गेले म्हणजे काम गेलं. रंगारणींनी हातातली कापडं पिळलीसुद्धा नाहीत. तशीच ओली आणली आणि रस्त्यावर आडवी धरून उभ्या राहिल्या. लाल, निळी, पिवळी. पहिल्या गाडीच्या ड्रायव्हरची सख्खी बहीण बरोबर मधोमध.

"ताई, बाजूला हो गं. माझी नोकरी जाईल."

"माझी गेलीच आहे. तू घरी ये, मग बघते तुला."

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. हंडे परत गेले.

मी तेव्हा खाणीतच होतो. पण हे सगळं मला ऐकून ऐकून पाठ झालंय. कसं, ते सांगतो.

मला रोवल्यावर अक्षरांत रंग भरायचं काम बायकांनी पाथरवटाला दिलंच नाही. रंगाचं काम, आणि दुसऱ्याला? कापडाला लावतात तशी त्यांनी मला आधी तुरटी चोळली, रंग पक्का बसावा म्हणून. मग हंड्यातला निळा रंग भरला. पाथरवट म्हणाला, "अहो बाई, दगड आहे तो, चादर नाही." पण ऐकतंय कोण! पुढच्या पावसाळ्यात सगळा रंग माझ्या पायाशी. बायका आल्या, "तूच तुरटी कमी चोळलीस" म्हणून एकमेकींशी भांडल्या आणि पुन्हा तुरटी चोळायला बसल्या. दरवर्षी हेच. रंग भरता भरता गाड्यांची गोष्ट निघायची. लेकी ऐकायच्या, नंतर नाती ऐकायला लागल्या.

मग कुणाला तरी माझी दया आली. एक सरकारी पेंटर आला आणि त्याने माझ्या अक्षरांत काळाकुळकुळीत ऑइलपेंट भरला. बिचाऱ्याने काम झकास केलं. सगळे म्हणाले, वा! रंग काही उडेना. आणि रंग उडेना म्हणून कुणी येईना. येऊन करणार काय?

माझ्या तोंडावर शिकवणीच्या जाहिराती चिकटल्या. मला टेकून सायकली उभ्या राहिल्या. रस्त्यावर डांबराचे थर चढत गेले आणि माझी खालची ओळ डांबरात गाडली गेली. मी काही रडलो नाही. ओळ गाडली गेली होती, पुसली नव्हती.

मग रस्ता रुंद करायचं ठरलं. इंजिनीअर म्हणाला, "याला बागेत लावू. छान दिसेल." छान दिसेल! 'या वळणावर' असं लिहिलेला दगड घसरगुंडीशेजारी? म्हणजे पोरं वाचणार, की रंगारणींनी घसरगुंडीवर गाड्या अडवल्या! मी फुटेन एक वेळ, पण खोटं बोलणार नाही.

क्रेन आली. कामगार माझ्याभोवतीचं डांबर फोडायला लागले. तेवढ्यात पलीकडच्या लाँड्रीची मालकीण बाहेर आली. ड्रायव्हरच्या त्या ताईची ही नात. हातात ओली चादर.

"काय चाललंय साहेब?"

"दगड बागेत नेतोय. तिथे सावली आहे."

"त्याला कशाला सावली? उन्हात काळा पडतोय का तो?"

कामगार हसले. डांबराचा एक मोठा तुकडा निघाला आणि त्यांच्यातल्या एकाने खाली वाकून मोठ्याने वाचलं, "हा दगड हलवायचा असेल तर आधी आम्हाला विचारा."

इंजिनीअरनेही वाकून ती ओळ वाचली.

"आता कुणाला विचारू?" इंजिनीअर म्हणाला. "त्या बायका केव्हाच गेल्या."

"आजी गेली. मी आहे ना. मला विचारा."

"बरं, विचारतो. हलवू का?"

"नाही."

"अहो, मग रस्ता कुठून रुंद करू?"

"माझ्या बाजूने करा. दुकानाच्या पायऱ्या जातील. जाऊ देत."

क्रेनवाल्याने इंजिन बंद केलं.

आता गिऱ्हाइकं लाँड्रीत अक्षरशः उडी मारून चढतात आणि तिच्या नावाने खडे फोडतात. ती त्यांना सांगते, "आधी समोरचा दगड वाचून या, मग बोला."

तिने ऑइलपेंट खरवडून काढला. तुरटी चोळली. निळा रंग भरला. टिकणार नाही, हे तिला चांगलं माहीत आहे.

मित्रांनो, तुमच्या रस्त्यावरही माझ्यासारखा कुणीतरी उभा असेल. त्याला हार नकोत, कुंपण नको. थांबा आणि वाचा. जे डांबरात गेलंय ते उकरा. आणि रंग द्याल तर कच्चाच द्या. उडाला की तुम्हाला परत यावं लागेल.

या. मी इथेच आहे.