जपून ठेवलेली आकाशी प्लेट

मी एक जुनी प्लेट आहे. जेवायची नव्हे, मित्रांनो, दातांना लावायची. लहान मुलांचा एखादा दात वाकडा येऊ लागला, की दातांचे डॉक्टर टाळूला चपखल बसेल अशी प्लॅस्टिकची पातळ प्लेट करून देतात. तिला धरून राहायला तारेच्या क्लिपा असतात आणि दात सरकवायला एक स्प्रिंग असते. तीच मी. जुनी म्हणजे वयाने हं! वापराचं म्हणाल तर मी अजून नवीकोरी आहे. एक ओरखडा नाही, एक डाग नाही. बघणारे म्हणतात, "अगंबाई, किती छान ठेवलीय!" हे कौतुक ऐकलं की माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होतो.

माझा जन्म एका मुलीसाठी झाला. तिला घरात सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी उभी म्हणून राहत नसे. भिंगरी तेव्हा पहिलीत होती. पुढचे दोन दात पडलेले, त्या फटीतून जीभ बाहेर काढून दाखवायची भारी हौस. तिची आई ती तान्ही असतानाच वारली होती. घरी बाबा आणि बाबांची मोठी बहीण, म्हणजे आत्या. बाबा मालाची व्हॅन चालवत, सकाळी जात ते दिवेलागणीला परतत. त्यामुळे भिंगरीचं न्हाणं-खाणं, शाळा, दुखणंखुपणं सगळं आत्याच्याच गळ्यात होतं, आणि ती ते आनंदाने करत होती.

आता एक गोष्ट सांगते, ती नीट ऐका. सहाव्या वर्षाच्या आसपास तुमच्या सगळ्या दुधाच्या दातांच्या मागे एक मोठी दाढ येते. कुठलाही दात पाडून ती येत नाही, म्हणून घरात कुणाला तिचा पत्ताच नसतो. बहुतेकांना ती दुधाचीच वाटते. पण ती दुधाची नसते, जन्मभराची असते. भिंगरीची वरची उजवी दाढ अशीच गुपचूप आली, पण सरळ न येता तिरकी आली आणि पुढच्या दुधाच्या दाढेखाली डोकं खुपसून अडकून बसली. अडकली ती अडकली, वर दुधाच्या दाढेचं मूळ खाऊ लागली. दुखत काहीच नव्हतं. दुसऱ्याच एका किडलेल्या दातासाठी एक्स-रे फोटो काढला, तेव्हा डॉक्टरबाईंना हे दिसलं.

डॉक्टरबाईंनी आत्याला आणि बाबांना समोर बसवून तो फोटो उजेडावर धरला. "ही तिरकी दाढ आत्ताच मागे ढकलली, तर काम थोड्या महिन्यांत होईल," त्या म्हणाल्या. "नाही ढकलली, तर दुधाची दाढ वेळेआधीच पडेल आणि ही मोठी पुढे सरकेल. आणि हा बघा, हाडात एक छोटा दात वाट बघतोय. दुधाच्या दाढेची जागा त्याची आहे. ती जागा गेली, की हा बिचारा यायचा कुठून?"

तर त्या छोट्या दाताची जागा राखायची, एवढ्यासाठी माझा जन्म. दुसरं काही काम मला नव्हतं.

माप घेताना मात्र रामायण झालं. चमच्यासारख्या साच्यात थंडगार लगदा भरून तो तोंडात दाबून धरतात. भिंगरीने आधी डोळे मोठे केले, मग पाय झाडले आणि शेवटी आत्याच्या कपड्यांवर भडाभडा ओकली. माप पुन्हा घ्यावं लागलं. दुसऱ्या वेळी ती इतकी रडली की तिचा श्वास अडकायला लागला. पोरीपेक्षा आत्याच जास्त घाबरली. "आता पुन्हा हे नको हो माझ्या लेकराला," असं ती दहादा म्हणाली.

त्या मापावरून तिच्या दातांचा पांढरा साचा ओतला गेला, आणि लॅबमधल्या एका माणसाने त्या साच्यावर मला घडवलं. हातात बारीक पकड, डोळ्यांवर जाड चष्मा, तोंडाने एकसारखं गुणगुणणं. तार तो अशी वळवायचा की मला गुदगुल्या व्हायच्या. भिंगरीने रंग निवडला होता आकाशी, आणि आत चमकी पाहिजेच असा हट्ट धरला होता. त्याने चमकी घातली, मला घासून पुसून आरशासारखं केलं आणि उजेडाकडे धरून म्हणाला, "जा पोरी, नीट काम कर." मी तेव्हा हरखून गेले होते. वाटलं, आता आपण आणि ती दाढ!

पहिल्या दिवशी डॉक्टरबाईंनी भिंगरीच्या दाढेवर एक इवलासा मणी चिकटवला आणि माझी स्प्रिंग त्या मण्याला टेकवली. मी टाळूला बसले ते टक्कन आवाज करूनच. मला ती दाढ जाणवली. अगदी हट्टी, पण हलणार नाही अशी नव्हती. डॉक्टरबाई म्हणाल्या, "दिवसरात्र घालायची. जेवताना आणि दात घासतानाच काढायची." आणि मग आम्ही दाराशी पोचलो असताना त्यांनी मागून हाक मारली, "नाजूक आहे हं, जपा. मोडली तर पुन्हा माप घ्यावं लागेल."

झालं! तिथेच माझं नशीब फुटलं. आत्याच्या कानात 'दिवसरात्र' शिरलं नाही. शिरलं ते फक्त 'जपा' आणि 'पुन्हा माप'.

आत्या वाईट नव्हती हो. तिच्यासारखी माया करणारी बाई शोधून सापडायची नाही. पण जपणं हा तिचा धर्मच होता. त्या घरात टीव्हीच्या रिमोटवरचं प्लॅस्टिक कधी निघालं नाही. सोफ्याला खोळ, खोळीवर चादर, चादरीवर बसताना पोरीला दम. चांगले कप काचेच्या कपाटात, आणि चहा कान तुटलेल्या कपातून. भावाचा मोडलेला संसार तिने तळहाताच्या फोडासारखा जपला होता, आणि जपल्यानेच तो टिकला असं तिला मनापासून वाटत असे. मग मी तर चमकीवाली, डॉक्टरांकडून आणलेली, महागाची वस्तू!

सुरुवातीला मी काही दिवस तोंडात होते. भिंगरीला लाळ सुटायची, स आणि श नीट म्हणता यायचे नाहीत, हिरडी हुळहुळायची. हे सगळं आठवडाभरात बसतं, पण तेवढा धीर कुणाला? त्यातच एकदा तिने मला जिभेने सोडवून खाली पाडलं आणि स्टुलाचा पाय माझ्यापासून बोटभर अंतरावर आला. आत्याने मला झटकन उचललं. "अगं बाई, मोडली असती म्हणजे?" ती म्हणाली. मला धुऊन, मऊ फडक्याने पुसून तिने डबीत ठेवलं, आणि डबी काचेच्या कपाटात, कपांच्या शेजारी.

"घरातल्या घरात कशाला घालायची?" असं आधी ठरलं. मग शाळेत नको, मुलं चिडवतात. झोपेत नको, गिळली तर काय घ्या! मग शाळेच्या नाटकात भिंगरीला चार वाक्यं मिळाली, तेव्हा तेवढं नाटक होऊ दे. नाटक झालं तर सर्दी. सर्दी गेली तर परीक्षा. मी डबीत पडल्या पडल्या सगळं ऐकायची आणि मनात म्हणायची, अगं, ती दाढ तुमच्या परीक्षेसाठी थांबलेली नाही!

बाबा अधूनमधून विचारत, "ताई, प्लेट घालते ना ही?"

"बघ की, कशी लख्ख ठेवलीय," आत्या डबी उघडून दाखवायची.

"वा! नाही तर आमच्या हाताने आठ दिवसांत मोडली असती," असं म्हणून बाबा जेवायला बसत. त्यांच्या मनातली काळजी तिथेच मिटायची. मी मात्र कपाळाला हात लावून बसायची. म्हणजे, हात असते तर.

तपासणीच्या दिवशी मात्र माझा थाट असायचा. नवे कपडे घालून बाहेर पडावं तशी मी भिंगरीच्या तोंडात चढून दवाखान्यात जायची. त्या अर्ध्या तासात मी जीव खाऊन ढकलायची. दाढ जराशी शहारायचीसुद्धा. पण अर्ध्या तासात काय होणार?

डॉक्टरबाई काही खुळ्या नव्हत्या. त्यांनी मला हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. "रोज घालते ना?"

"अगदी जपतो आम्ही," आत्या अभिमानाने म्हणाली.

डॉक्टरबाईंनी मला परत तिच्या तोंडात बसवलं. "भिंगरी, 'सशाची शेपटी' म्हण बरं." भिंगरीने म्हटलं, आणि तोंडातून नुसते फुसफुस आवाज आले. रोज घालणाऱ्या मुलाची जीभ सरावते. हिची सरावली नव्हती. डॉक्टरबाईंचा चेहरा पडला. त्या चिडून म्हणाल्या, "अहो आत्या, ही काचेच्या कपाटातली बाहुली आहे का? तोंडात नसेल तर हिचा उपयोग शून्य!" आत्याचे डोळे भरून आले. घरी येऊन तिने चार दिवस मला भिंगरीच्या तोंडात नेमाने घातलं. ते चार दिवस माझ्या आयुष्यातले सोन्याचे दिवस, मित्रांनो. पाचव्या दिवशी भिंगरीच्या हिरडीला माझी तार लागून रक्ताचा एक थेंब आला. तो बघून आत्याने मला काढलं ते काढलंच. तार जराशी वाकवून घेतली असती तर भागलं असतं. पण दवाखान्यात गेलं तर बोलणी बसतील, या भीतीने पुढची तपासणीही चुकली.

मग एका सकाळी घरात एकदम जल्लोष झाला. "पडला, पडला!" भिंगरी नाचत होती. मला डबीत वाटलं, पुढचा कुठला तरी असेल. पण आत्या म्हणाली, "अगं, ही तर दाढ! केवढी मोठी!" बाबांनी तिला उचलून गरागरा फिरवलं. "मोठी झाली माझी बाई!" ते म्हणत होते. सगळे हसत होते. ती दुधाची दाढ अजून तीन-चार वर्षं टिकायला हवी होती. मूळ खाल्लं गेल्यामुळे ती नुसत्या चिकटून राहिलेल्या बटणासारखी निघून आली होती. घरभर आनंदीआनंद, आणि मी एकटी डबीत रडत होते. इतकं एकटं मला कधीच वाटलं नव्हतं.

आत्या तर सुटकेचा निःश्वास टाकून म्हणाली, "जी दाढ आड येत होती तीच पडली. आता प्लेट कशाला? सुटली पोर!" बाबांनाही ते पटलं. कुणी दवाखान्याचं नाव काढलं नाही. वर्ष सरलं, त्याहूनही जास्त. ती मोठी दाढ मोकळ्या जागेत रोज थोडी थोडी पुढे कलंडत गेली.

पुढे उजव्या बाजूला घास अडकायला लागला, हिरडी सुजली, तेव्हा तिघं पुन्हा डॉक्टरबाईंकडे गेली. आत्याने मलाही बरोबर घेतलं होतं. नवा फोटो निघाला. डॉक्टरबाईंनी तो बराच वेळ पाहिला. मोठी दाढ पुढच्या दाताला जाऊन भिडली होती. हाडातला तो छोटा दात खाली यायची वाट शोधत आडवा झाला होता. "आता प्लेटने होणार नाही," त्या हळूच म्हणाल्या. "मोठी झाली की बघू. कदाचित एखादा चांगला दात काढावा लागेल, हिरडी कापावी लागेल, वर्षानुवर्षं तारा लावाव्या लागतील. तरी तो दात येईलच असं मी सांगू शकत नाही."

बाबा तो फोटो पुन्हा उजेडावर धरून बघू लागले. भिंगरीने मात्र आत्याच्या हातातली डबी ओढून घेतली. "आत्या, मी आता रोज घालते. झोपतानापण घालते. बघ, मी अज्जिबात रडणार नाही." तिने मला तोंडात घातलं आणि अंगठ्याने दाबलं. मी बसेना. दात सरकले होते, टाळू वाढला होता. तिने पुन्हा दाबलं, डोळ्यांत पाणी आलं तरी दाबलं. "बसेल, बसेल, थांबा," ती म्हणत होती. मीही अंग चोरून बघितलं, पण मला कुठे अंग चोरता येतं? शेवटी डॉक्टरबाईंनीच मला अलगद बाहेर काढलं.

आत्या पुढे झाली. तिने पदराने मला पुसलं आणि अगदी अजिजीने विचारलं, "डॉक्टर, ही दुसऱ्या कुणा लेकराला होईल का हो? एकदम नवी आहे. आम्ही एक ओरखडा पडू दिला नाही."

डॉक्टरबाई म्हणाल्या, "आत्या, ही फक्त हिचीच होती. तीसुद्धा तेव्हाची."

आत्या मटकन खुर्चीत बसली. तिला तेव्हा सगळं कळलं. फार उशिरा कळलं, पण कळलं. भिंगरी तिच्या मांडीत डोकं खुपसून म्हणत होती, "तू रडू नको ना आत्या." मला वाटत होतं, आत्ता या क्षणी माझे दोन तुकडे व्हावेत. पण मी कशी मोडणार? इतकं चांगलं जपलं होतं मला!

मित्रांनो, सगळ्या वस्तू तुम्हाला सांगतात, आम्हाला जपा. मी तसं सांगणार नाही. तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी आली, तर तिला घाला. पहिले दिवस बोलता येणार नाही, मुलं हसतील, हिरडी दुखेल. दुखलं तर डॉक्टरांकडे जा, बोलणी खा, पण घाला. ती पिवळी पडू दे, तिच्यावर दातांचे वण उमटू दे, एखादी तार वाकू दे, मोडली तर मोडू दे. पुन्हा माप घेता येतं. पण सातव्या वर्षी सरकणारी दाढ दहाव्या वर्षी तुमचं ऐकत नाही, आणि भिंगरीचा तो छोटा दात अजून हाडातच आडवा पडून आहे.