कानबाईचा रोट

प्रमिलाबाईने धुतलेले गहू सुपात घेतले, नवऱ्याच्या नावाने सव्वा मूठ बाजूला काढली, आणि पोरीच्या नावाने हात घातला तशी धनश्री खेकसली, “मनी मूठ नको काढू!”

“काबर व?”

“माले तरास व्हस रोटना.”

“दर साल दोन-दोन खास तू. आते काय पोट बदलनं का तुनं?”

प्रमिलाबाईने मूठ काढलीच, पण पोरीकडे रोखून पाहिलं. धनश्री लगबगीने साड्यांच्या ढिगाशी जाऊन लेस लावत बसली. चोराच्या मनात चांदणं. सुई दोनदा बोटात घुसली तरी तिला कळलं नाही.

प्रमिलाबाईच्या नवऱ्याने, लोटूने, गाव सोडलं, सुरतेला उधन्याच्या लूमखात्यात कान बधिर करून घेतले, एका खोलीत संसार थाटला. पण श्रावणातली कानबाई काही तो गावी ठेवून आला नाही. आणि कानबाईचा रोट म्हणजे साधी पोळी नव्हे. तो भाऊबंदांनीच खायचा. कुमारी पोरीला चालतो, लग्न झालेल्या लेकीला नाही. ती परक्या कुळाची झाली. तिने घासभर खाल्ला तरी देवी कोपते, दोन्ही घरांचं वाटोळं होतं, असं म्हाताऱ्या सांगायच्या. धनश्री बारावी शिकलेली, मोबाईलवर जग बघणारी, पण हे तिच्या हाडात मुरलेलं होतं.

गेल्या वर्षी तिच्या चुलत बहिणीने, चंचलने, असाच रोट नाकारला होता. चोरून केलेलं लग्न तिथेच पंगतीत उघडं पडलं. पोराला मारून हाकललं, चंचलला गावी मामाच्या घरात कोंडलं. तेव्हापासून तिने सुरतेचं तोंड पाहिलेलं नाही.

धनश्रीने कुठे लग्न केलं होतं? तसं म्हटलं तर नाहीच. सुरतेजवळच्या सचिन गावात एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर काम करणाऱ्या श्रीरंगने, बीडकडच्या पोराने, पर्वत पाटियाच्या बाजूला एका महादेवाच्या देवळात तिच्या कपाळी कुंकू लावलं आणि म्हणाला, “आजपासून तू माझी.” ना भटजी, ना साक्षीदार. पण देव तर समोर होता ना! त्या दिवसापासून ती मनाने त्याच्या घरची होऊन बसली होती.

चक्कीवाल्याने रोटासाठी चक्की धुवायला घेतली, तेव्हा तिने हे सगळं रुपालीला सांगितलं. रुपाली शेजारच्याच खोलीतली, अशा बाबतीत फार पोहोचलेली.

“तूं तो साव गांडी छे! अगदीच वेडी!” रुपाली हसत सुटली. “अगं, फिरायचं, पिक्चर बघायचा, घरचे म्हणतील तिथे लग्न करायचं. सगळे हेच करतात. कुंकवाने कोण बायको होतं?”

“तुले नही समजाव.”

“मग नको खाऊ. जा चंचलच्या शेजारी बस कोंडून.”

हसण्यावारी बोलली, पण खोटं काय बोलली? खावं तर देवीचा कोप आणि श्रीरंगशी बेइमानी. न खावं तर घरादाराला सगळं कळणार. इकडे आड, तिकडे विहीर. रविवारी कानबाई बसली, बायका गाण्यांत रंगल्या, आणि धनश्री मात्र त्या गर्दीत भिंतीला टेकून राहिली.

सोमवारी तापीवर विसर्जन झालं. घरी येऊन भाऊबंद रोट खायला बसले. प्रमिलाबाई वाढायला उठली तशी धनश्री हात धुवायच्या निमित्ताने जिन्यात गेली. तिचा मोबाईल आई रोज तपासायची, म्हणून तिने रुपालीचा घेतला.

“श्रीरंग, मी रोट खात नाही. घरी सगळं सांगून टाकते. मारतील, मारू दे. तू फक्त येतो म्हण.”

“कुठं?”

“माझ्या बापासमोर. मी तुझी आहे म्हणून सांगायला.”

मागे मशीनचा खडखडाट चालला होता.

“खाऊन टाक की,” तो म्हणाला. “उगं तमाशा कशाला करायलीस? आपलं काय लगीन झालंय का?”

“आणि कुंकू?”

“ती गंमत होती गं. सगळेच पोरं लावायलेत. आन् हे बघ, माझं नाव घेऊ नको घरी.”

तिला मोठ्याने रडावंसं वाटलं, पण जिन्यात सगळ्या खोल्यांची दारं उघडी होती. साधं रडायलाही तिला जागा नव्हती. ती तशीच आत आली.

“कोठे गयथी? बठ आते,” आईचा आवाज कडक होता. पंगतीतल्या सगळ्यांचे डोळे धनश्रीच्या हाताकडे लागले होते.

तिने तुकडा मोडला आणि तोंडात घातला. आता कसला कोप? ती कोणाचीच बायको नव्हती, हे नुकतंच पक्कं झालं होतं.

प्रमिलाबाईचे डोळे भरून आले. तीन दिवस पोटात धरलेली भीती तिने पदराने पुसली आणि दुसरा रोट पोरीच्या ताटात ठेवला. “खाय, मनी माय. मनी आंडेर, मनी पोर, आजून मना घरनीच शे.”

रोट उष्टा टाकायचा नसतो. धनश्री खात राहिली. पोरीला असं निमूट जेवताना बघून लोटूची छाती फुगली, आणि तो भावाला म्हणाला, “येता इतवारले अमळनेरना पाव्हना बलाई ले. मनी पोर देखाले कोनतीच हरकत नही.”