फोनमागे ऐंशी रुपये

"बरं बाई, कर रेकॉर्ड," म्हातारीनं त्या मशीनमधल्या बाईला सांगितलं आणि क्रिस्टीनानं हेडफोन कानावर आणखी घट्ट दाबला.

एकशे बारांपैकी हा एकोणसाठावा फोन. फोन जोडण्याआधी मशीनमधली बाई 'हा कॉल रेकॉर्ड होत आहे' असं सांगायची. बाकीची माणसं ते ऐकून सोडून देत. ही म्हातारी मात्र दर वेळी तिला रीतसर परवानगी द्यायची. मग पलीकडे रिंग वाजे आणि सावळारामआबांचा आवाज येई.

"बोल."

"डबा खाल्ला का?"

"खातो. एक मोटार खोलून ठेवलीय."

"मोटार काय पळून जाती व्हय? खावा आधी."

बस, एवढंच. दुपारी साडेबाराच्या ठोक्याला, महिन्यात सव्वीस वेळा. म्हातारी म्हणजे आबांची बायको, कस्तुराबाई. आणि नवऱ्याला जेवायची आठवण करून देण्याच्या या सव्वीस फोनांचे, फोनमागे ऐंशी रुपयांप्रमाणे, क्रिस्टीना त्याच नवऱ्याकडून पैसे घेणार होती.

क्रिस्टीना साळवे दौंडची. चौदा वर्षं तिनं एका छापखान्यात लग्नपत्रिका जुळवल्या. छापखाना बंद पडला तेव्हा घरी बसून कुढण्यापेक्षा तिनं नवी विद्या शिकून घेतली. कुणी गूगलवर काही शोधलं की आपल्या गिऱ्हाइकाची जाहिरात सगळ्यांच्या वर दिसली पाहिजे, ही ती विद्या. कासुर्डीचं एक मंगल कार्यालय आणि एक रोपवाटिका एवढीच तिची गिऱ्हाइकं होती. तिसरे मिळाले ते शिरूरचे सावळारामआबा. विहिरीवरच्या पंपाच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेनं भरून देण्याचं त्यांचं दुकान चाळीस वर्षांचं, आणि दुकानावरचा बोर्ड क्रिस्टीनाच्या वडिलांनी, दावीद पेंटरांनी, रंगवलेला.

बोलणी झाली तेव्हा तिनं आबांपुढे तीन दर ठेवले होते. एक, महिन्याला ठरीव रक्कम. दोन, जाहिरातीवर होईल त्या खर्चाचा ठरावीक हिस्सा. तीन, जाहिरातीचा खर्च तिचा, आबांनी फक्त जाहिरातीवरून येणाऱ्या फोनमागे पैसे द्यायचे. आबांचा मुलगा सत्यजीत रांजणगावच्या कंपनीत सुपरवायझर. त्यानं कागदावर तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं.

"फोन आला तर पैसे, न्हाई आला तर न्हाई. एकदम क्लिअर. आन् आबांचं नाव टाकलं की आपलीच जाहिरात वर दिसली पायजे, मॅडम." मग तो आबांकडे वळला. "आबा, आता ह्याच्यावरच ठरवू. महिन्यात शंभर फोन आलं तर दुकान चालू. न्हाईतर दिवाळीनंतर गाळा भाड्यानं. मोबाईलवाला कवाचा मागं लागलाय."

आबांनी चिंधीला हात पुसले. "चालंल," म्हणाले. जळक्या वासावरून मोटारीचं दुखणं ओळखणारा माणूस, शंभर फोनांना काय भिणार?

त्या संध्याकाळी घरी दावीद पेंटरांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "मी अक्षरावर पैसे घ्यायचो. बोर्ड वाचून दुकानात किती माणसं शिरली, ते मोजत बसलो न्हाई. माणसं मोजाय गेलं की घोळ होतोच बघ. बायबलातल्या माझ्या नावाच्या राजानं परजा मोजली तवा मुलखात मरी आली, संडे स्कूलमध्ये शिकलीस की."

क्रिस्टीना हसली होती. तिला तिसरा दर सगळ्यात सचोटीचा वाटला होता. काम दिसलं तरच दाम, यात लबाडीला जागा कुठे आहे?

महिना संपला आणि आकडा आला एकशे बारा. उत्साहाच्या भरात तिनं तो कालच आबांना कळवून टाकला. रविवारी सत्यजीत हिशेबाचा कागद घ्यायला दुकानात येणार होता, नमुन्याला चार फोन ऐकवा म्हणाला होता. ते चार निवडायला म्हणून ती आज सकाळपासून ऐकत बसली होती.

"आबा, ओळखलं का? निमोण्यावरनं बोलतोय. मागल्या साली तुमीच भरली होती मोटार."

"आबा, वडगाव रासाईचा विक्रम. दुकान उघडं हाय ना?"

सगळी जुनी माणसं. नंबर जपून ठेवायची सवय कुणालाच नाही. आबांचं नाव गूगलवर टाकायचं आणि वर दिसेल ते दाबायचं. वर होती क्रिस्टीनाची जाहिरात. ती नसती तरी ही माणसं आलीच असती. सत्त्याहत्तर जुनी गिऱ्हाइकं आणि सव्वीस कस्तुराबाई वजा केल्या तर हाती उरले नऊ.

शिवाय त्या एकोणसाठाव्या फोनात आणखी काहीतरी होतं. आबांनी उचलण्याआधी, रिंग वाजत असताना, कस्तुराबाईंजवळ एका लहान मुलीचा आवाज आला. "आज्जी, मी लावून देऊ?"

"लावलाय गं माया, गूगलला नाव बोलून. आन् आबाला सांगू नको हां, मला आकडं दिसंनात म्हणून. दुकान टाकून घरी बसतील."

क्रिस्टीनानं हेडफोन काढून ठेवला. कागद तसाच दिला तर कुणालाही काही कळणार नव्हतं. दुकान राहील, तिचं गिऱ्हाईक राहील, म्हातारीचं गुपितही राहील. सगळ्यांचं भलं एका खोट्यात होत होतं, म्हणूनच तिला त्याची भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी चौफुल्याला बस बदलून ती शिरूरला पोचली तेव्हा बारा वाजून गेले होते. आबा एकटेच होते, मोटारीत तांब्याची तार भरत, ओठातल्या ओठात वेढे मोजत. तिला पाहून त्यांनी पेढ्यांचा पुडा पुढे सरकवला.

"घे. एकशे बारा! बाजारात चौघांना सांगून आलो."

"आबा, आकडा खरा आहे, पण माणसं नवी नाहीत," ती उभ्यानंच म्हणाली, बसली असती तर बोलणं झालं नसतं. मग तिनं सगळं समजावून सांगितलं. आबांचा तारेवरचा हात थांबला.

"नवी किती?"

"नऊ."

"वाटलंच मला. फोन लई वाढलाय असं कानाला वाटत नव्हतं. पण तुझा आकडा आला तवा म्हणलं, कानच म्हातारं झालं असतील."

"चूक माझी आहे. जुन्या गिऱ्हाइकांचे पैसे मी घेणार नाही. आणि सव्वीस फोन घरचे आहेत, त्यांचेही नाहीत." याहून जास्त काही बोलायचं नाही, हे तिनं बसमध्येच ठरवलं होतं.

"घरचे म्हंजी कस्तुराचे? ती कशाला गूगलवर शोधंल मला? तिच्या फोनात पहिला नंबर माझाच हाय."

क्रिस्टीनानं मान खाली घातली. तार हातात धरून आबा रस्त्याकडे बघत राहिले.

"परवा भाजीत मीठ दोनदा पडलं," ते हळूच म्हणाले. "सुईत दोरा मायाकडनं ओवून घेती. मी म्हणलं, नातीचं कौतिक चाललंय." मग त्यांनी विचारलं, "कवापास्नं असं गूगलवरनं लावती?"

"जाहिरात सुरू झाली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून आहेत फोन. त्याच्या आधीचं मला कळायला मार्ग नाही."

"रविवारी सत्यजीत येईल. त्याला काय सांगू नको. मी सांगतो, गाळा देऊन टाक म्हणून."

"आबा, नऊच आले म्हणून तुम्ही..."

"नऊ आलं म्हणून न्हाई. एकशे बारा आलं असतं तरी बी दिला असता."

"मोतीबिंदू असेल तर ऑपरेशन होतं हो. दुकान कशाला बंद करायचं?"

"ऑपरेशन करूच की." आबांनी तार खाली ठेवली. "पण पोरी, तिनं डोळं लपिवलं ते ह्या दुकानापायी. आता हितं बसून माझा हात कसा चालंल?"

क्रिस्टीनाला रडू आलं. आपण खरं बोललो याचा अभिमान तिला वाटायला हवा होता. तो कुठेच सापडेना.

टेबलावरचा फोन वाजला. साडेबारा झाले होते. आबांनी फोनकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"ह्यो बी मोजतं का तुझं मशीन?"

"हो आबा."

"मोजू दे." त्यांनी फोन कानाला लावला. "बोल... न्हाई खाल्ला... न्हाई, घरीच येतो जेवाय... काय झालं न्हाई गं, असंच. तू बसून राहा, मी आल्यावर वाढून घेतो."

अर्ध्या भरलेल्या मोटारीवर त्यांनी फडकं टाकलं, तसाच भरलेला डबा पिशवीत घातला आणि शटर ओढलं. चाळीस वर्षांत भरदुपारी ते कधी ओढलं गेलं नसावं. शेजारचा चहावाला हातातली किटली तशीच धरून बघत राहिला.

आबा चिंधीला हात पुसत घराच्या वाटेला लागले. चिंधी त्यांच्या हातातच राहिली होती. क्रिस्टीना पायरीवर थांबली. डोक्यावर तिच्या वडिलांची निळी अक्षरं होती, जळालेल्या मोटारी भरून मिळतील. तिनं आपला फोन उघडला. आकडा आणखी एकानं वाढला होता.