शंभर पहाटा आणि एक शिदोरी

किन्हवलीत देवळाच्या रस्त्याचं श्रमदान निघालं तेव्हा गावानं नियम केला होता, घरटी एक माणूस यायचा. हरेशनं आपल्या ऐंशी वर्षांच्या धाकलूआजाला पाठवून दिलं. आजा दिवसभर आंब्याखाली पान चघळत बसला आणि हरेश घरी क्रिकेटची मॅच बघत. कुणी हटकलं तर म्हणाला, "नियमात वय कुठं लिवलंय? माणूस पाठवला का नाय?"

सगळे हसले. हरेश सगळ्यांत मोठ्यानं हसला. मायबापहो, असा एक हुशार आपल्या घरात, आपल्या कचेरीत असतोच, आणि त्याच्या हुशारीला पहिलं हसू आपणच देतो.

ही गोष्ट २००३ सालची. हरेश ठाण्याला एका कुरिअरवाल्याकडे कामाला होता. तिथल्या एका सोबत्यानं त्याला इंग्रजी पुस्तक दिलं, एका खेळाचं. त्यात पट नाही, सोंगट्या नाहीत. एकानं गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. राक्षस समोर आला तर काय करायचं ते आपण ठरवायचं. ते साधलं की फसलं ते वीस बाजूंच्या फाशावर पडलेला आकडा ठरवणार. शहापूरच्या कॉलेजात हरेशच्या वर्गात असलेल्या सरितानं महिनाभर खपून ते पुस्तक दोनशे पानी वहीत मराठीत उतरवलं. त्यातल्या जादूच्या वस्तूंना आपल्याकडची नावं दिली. तसले फासे किन्हवलीत कुठले मिळायला! तिनं एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात घातल्या, आणि दर रविवारी दुपारी देवळाच्या सभामंडपात खेळ सुरू झाला.

सरिता गोष्ट सांगे. हरेश मांत्रिक, त्यांच्याच वर्गातली पूजा तलवारवाली आणि भगीरथ वाटाड्या. देवळातले वीणेकरी चांगोबुवा, एसटीत कंडक्टरकी करून निवृत्त झालेले, खांबाला टेकून ऐकत बसत. "गो सरिता, तुझा पूर्वरंगच लांबला. राक्षस कधी येनार?" असं मधेच विचारत.

भगीरथ वैशाखऱ्याच्या वरच्या वाडीतला. कॉलेज त्यानं दुसऱ्या वर्षी सोडलं होतं. रविवारी वैशाखऱ्याहून मुरबाड आणि मुरबाडहून किन्हवली, अशा दोन एसट्या बदलून तो खेळायला येई. वर्गात ज्याचा आवाज कुणी ऐकला नव्हता, तो या खेळात बोलायला लागला होता. एकदा गोष्टीतल्या रानात सगळे उपाशी अडकले. सरितानं विचारलं, आता काय करणार? भगीरथ म्हणाला, "कडूकंद असंल हितं. चकत्या करायच्या, उकडायच्या, रातभर वाहत्या पाण्यात ठेवायच्या. मग कडू नाय लागत."

"हे वहीत नाही रे!" सरिता म्हणाली.

"वहीत नसंल. रानात हाय."

चांगोबुवांनी खांबावरची पाठ सोडून टाळी दिली होती त्या दिवशी.

पुढं गोष्टीत एका गडाला वेढा पडला. आत दोनशे माणसं भुकेली. दोन आठवडे सरितानं गोष्ट अशी विणत आणली होती, की रानातली चोरवाट शोधून वाटाड्यानंच गडात अन्न न्यावं. पौषातल्या त्या रविवारी भगीरथ आला तो हातात एक फडक्याचं गाठोडं घेऊन. ते त्यानं मांडीशी ठेवलं आणि सरसावून बसला.

"थांबा!" हरेश म्हणाला. आठवडाभर गाडीत येता-जाता त्यानं वही पाठ केली होती. "माझ्याजवळ अक्षयपात्र हाय. दर सूर्योदयाला दहा माणसांचं जेवण देतं. बरोबर?"

"बरोबर," सरिता म्हणाली.

"आनि मागच्या भुयारात मला पहाटदिवा मिळाला. तो लावला की तिथं सूर्योदय होतो."

"ती भुतं पळवायला दिलेली वस्तू आहे रे."

"असंल. पन दिवा लावला, पहाट झाली, पात्र भरलं. दिवा विझवला. परत लावला, परत पहाट! शंभर वेळा लावतो. हजार जेवणं! नाय चालत असं वहीत कुठं लिवलंय, दाखव."

सरितानं पानं चाळली. कुठंच लिहिलेलं नव्हतं. पूजानं टाळ्या पिटल्या. "काय डोकं हाय रे तुझं!"

"मग मी कशाला जाऊ?" भगीरथनं हळूच विचारलं.

"नको जाऊस. बस आरामात. तुझी पायपीट वाचवली ना मी!"

हसण्याचा फवारा उडाला. त्या दुपारी भगीरथनं डब्यातून एकही चिठ्ठी काढली नाही. पाचच्या गाडीला निघताना गाठोडं मात्र आठवणीनं पिशवीत टाकलं.

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. खेळ चालूच राहिला, पण कसा? भूक लागली, लाव दिवा. वाट चुकली, बस तिथंच, पात्र आहे. गोष्टीतल्या कुणाला कशाची धास्तीच उरली नाही. पूजा मधेच घड्याळ बघू लागली. हरेशला वाटे, जिंकतोय आपण, मग मजा का येत नाही?

माघात सप्ता बसला. शेवटल्या दिवशी काल्याचं कीर्तन झालं आणि घराघरांतून आलेल्या लाह्या, पोहे, दही, लोणचं एका मोठ्या परातीत पडलं. चांगोबुवा कोपरापर्यंत हात घालून काला कालवत होते आणि हरेश शेजारी द्रोण मांडत होता.

"काय रे मांत्रिका, तुझा वाटाड्या दिसत नाय तो?"

"येत नाय बुवा. कंटाळला असंल."

बुवांचा हात थांबला. "आत्ता कीर्तनात काय ऐकलंस? देवाला काय कमी होतं? मनात आनलं असतं तं रानात पक्वान्नांची ताटं उतरवली असती. त्याला कुठला नियम आडवा येत होता? पन त्यानं काय केलं? एकेका सवंगड्याला इचारलं, तुझ्या शिदोरीत काय रे? एक गरीब गडी शिळ्या कण्या लपवत होता, त्याच्या तं हातातून ओढून घेतल्या!"

"भूक लागली असंल देवाला," हरेश हसत म्हणाला.

"भूक कसली रे! तुझ्या शिदोरीवाचून माझं जेवन अडलंय, हे त्या गड्याला कळावं म्हनून." बुवांनी त्याच्याकडं रोखून बघितलं. "त्या रविवारी भगीरथाच्या फडक्यात उकडलेले करांदे होते, रानातले कंद. मला एसटी स्टँडवरच दाखवलेन. म्हनला, बुवा, आज गडात अन्न न्यायचंय, तं खरंच सगळ्यांना खायला घालतो. आनि तू तिथं शंभर पहाटा उगवल्यास!"

हरेशच्या हातातला द्रोण तसाच राहिला. अरे देवा! दोन एसट्या बदलून आलेली ती शिदोरी, आणि आपण कुणी तिची गाठसुद्धा सोडू दिली नाही!

दुसऱ्याच दिवशी त्यानं रजा टाकली आणि वैशाखरे गाठलं. भगीरथ माळशेजच्या रस्त्यावरच्या एका हॉटेलात कपबश्या विसळत होता. हरेशला बघून खुशीत हसला. चहा आणला, पैसे घेऊ दिले नाहीत.

"रागावलास ना रे?"

"राग कसला? मी इचार केला, माझ्यावाचून गड तरला. मग दोन एसट्या कशाला बदलायच्या? हितं रविवारी माणूस लागतो."

हरेशनं कप बाजूला ठेवला. "तो डाव मी खोडतो. तू ये. चोरवाट तशीच ठेवायला सांगतो सरिताला."

"खोड ना. पन शेटला रविवारचा शब्द दिलाय मी. आता कसा मोडू?"

"बरं... करांदे हायत का रे?"

"हंगाम गेला. पुढल्या सालाला ये."

किन्हवलीला परतल्यावर हरेशनं शंभर पहाटांचा डाव मागं घेतला आणि सरिताकडून वही मागून घेतली. पहिल्या पानावर लिहिलं: ज्या डावानं सोबती रिकामा बसतो, तो नियमात बसला तरी चालणार नाही. सरितानं वाचलं आणि म्हणाली, "हे आधी सुचायला हवं होतं. तुलाही आणि मलाही."

चैत्रात पुन्हा श्रमदान निघालं. हरेश पहाटेच कुदळ घेऊन गेला. मागून काठी टेकत धाकलूआजा आला. "आता तू हायस, तं मी जाऊ का घरी?"

"नाय आजा," हरेश म्हणाला, "पानी वाटायला माणूस लागतो."

आजाचा चेहरा उजळला. कळशी घेऊन तो दुपारपर्यंत एकेकाला हाक मारून पाणी पाजत होता.

मायबापहो, नियम लिहिणाऱ्याला सगळं सुचत नाही. जे सुटतं ते एकमेकांच्या भरवशावर सोडलेलं असतं. तिथून पळवाट काढणारा नियम मोडत नाही, भरवसा मोडतो. आणि खोडून नियम दुरुस्त होतो, उठून गेलेला माणूस परत येतोच असं नाही. म्हणून आपल्या शेजारी बसलेल्याचं गाठोडं वेळेवर सोडा हो! त्यात काय आहे ते तरी विचारा!

सभामंडपात रविवारचा खेळ अजून होतो. गडाची गोष्ट मात्र सरितानं तिथंच थांबवली आहे. आतली माणसं भुकेली आहेत, आणि ती वाटाड्याची वाट बघतायत.